कारागिरांच्या श्रेणी

नाशिकजवळची पांडवलेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तिथल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात एक हिशेब कोरलेला आहे. हिशेबच म्हणायचा, कारण दानाचा लेख असूनही त्यात पैशापैशाची फोड आहे.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षूंना दिले. त्यांच्या खर्चासाठी ३००० कार्षापण नाणी काढून ठेवली. ती ठेवली कोठे? राजाच्या खजिन्यात नव्हे, तर शेजारच्या गोवर्धन गावातल्या विणकरांकडे! लेखात ‘कोलिक’ असा शब्द आहे. मासे धरणारे कोळी नव्हेत, कोलिक म्हणजे विणकर. त्यांच्या एका संघाकडे २०००, दुसऱ्याकडे १०००. पहिल्याचा व्याजदर महिना शेकडा एक, दुसऱ्याचा पाऊण. मुद्दल कधी परत मागायचे नाही, व्याज तेवढे घ्यायचे. आता शिक्षकबंधूंनी हे गणित मुलांना घालून पाहावे. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात म्हटले आहे की वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो.

अशा संघालाच श्रेणी म्हणत. एक धंदा करणाऱ्यांनी एकत्र यावे, आपले नियम आपण करावेत, तंटे आपसांत मिटवावेत, ही तिची रीत. श्रेणीचे नियम राजाने लक्षात घेऊन न्याय करावा, असे मनुस्मृती सांगते. संघाचे द्रव्य लुबाडणाऱ्याचे सर्वस्व काढून घेऊन त्याला राज्याबाहेर घालवावे, असे याज्ञवल्क्य म्हणतो. शिक्षा जबर खरी, पण सगळ्यांच्या पैशावर डल्ला मारणाऱ्याला सोडले तर पुढे ठेव ठेवायला येणार कोण?

विणकरच काय ते मोठे होते असेही नाही. नाशिकलाच आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी रकमा ठेवल्या, त्यांत तेल्यांची श्रेणी आहे आणि पाण्याची यंत्रे करणाऱ्यांचीही आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद सापडते.

मात्र तिथे सगळे समान होते, असे कोणी समजू नये. शिकाऊ मुलाने ठरलेली मुदत उस्तादाच्या घरी काढलीच पाहिजे, काम आधी आले तरी सुटका नाही, आणि तोवरची कमाई उस्तादाची, असा स्मृतींचा नियम आहे. त्या पोराला श्रेणी कशी वाटत असेल, ते कोणत्याही लेण्यात कोरलेले नाही.

तरी राजाच्या जावयाने विणकरांवर भरवसा का टाकला असेल? १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. नाणी १३,००० हून अधिक, आणि त्यांतल्या दोनतृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप वरून मारलेला. सत्ता अशी पालटत असे. विणकरांचे माग तर कोणत्याही राजाला हवेच. शिवाय उषवदाताने नुसता शब्द घेतला नव्हता. सारा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, मोठ्याने वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदवला, असे तोच लेख सांगतो.