गाडीच्या विम्यात आपला जीव कुठे आहे?



आज भावाबद्दल बोलायचे नाही. तुमच्या मोटारसायकलच्या सीटखाली घडी घालून ठेवलेल्या कागदाबद्दल बोलायचे आहे. तो कागद पोलिसाने अडवले तरच बाहेर निघतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तुम्ही पहिले, विमा कंपनी दुसरी, आणि तुमच्या गाडीखाली सापडला तो तिसरा. भरपाई त्या तिसऱ्याची. रानडुक्कर आडवे आले, गाडी घसरली आणि तुम्हीच गेलात, तर थर्ड पार्टीतून घरी छदाम येत नाही.

तुमच्यासाठी निराळी ओळ असते : मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. पूर्वी तो दुचाकीला १ लाख, चारचाकीला २ लाख एवढाच होता. सप्टेंबर २०१८ मध्ये विमा नियामकाने तो १५ लाख केला. मृत्यू झाला, दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले, तर पूर्ण रक्कम. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर अर्धी. मोडलेले हाड सांधले तर काही नाही, दवाखान्याचे बिलही नाही. दारू पिऊन चालवली असेल तर प्रश्नच मिटला.

आमच्यातला एक कार्यकर्ता जिनिंगवरून चुकारा घेऊन परतताना अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळला. जागीच गेला. विम्याचा हप्ता त्याने दरवर्षी वेळेवर भरला होता. पण गाडी जुनी घेतलेली, आरसी बुक आणि पॉलिसी दोन्ही आधीच्या मालकाच्या नावावर. त्याच्या बायकोचा अर्ज नामंजूर झाला. हा विमा गाडीचा नाही, मालकाचा आहे. आरसीवर नाव त्याचे, पॉलिसीवर नाव त्याचे आणि खिशात चालू लायसन त्याचे, असे तिन्ही जुळावे लागते. बाप वारला की सातबाऱ्याच्या फेरफारासाठी आपण तलाठ्याकडे खेटे घालतो. मोटारसायकलच्या आरसीवर मात्र वारलेला बाप वर्षानुवर्षे गाडी चालवत असतो!

एजंट म्हणतो, ‘दादा, हे काढून टाकू, स्वस्तात बसेल.’ ज्याच्याजवळ लायसन नाही, किंवा ज्याचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच आहे, त्यालाच हे वगळता येते. दुसरा विमा नसताना ‘आहे’ म्हणून खूण केली तर काही शे रुपये वाचतात आणि १५ लाख जातात. खूण एजंटाने केली तरी ती तुमचीच समजतात.

उलटेही होते. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल दोन्ही तुमच्या नावावर असतील तर दोनदा पैसे भरू नका. जानेवारी २०१९ पासून हा विमा सुटाही घेता येतो आणि एकच विमा तुमच्या सगळ्या गाड्यांना चालतो.

आता मायबहिणींचे. नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेले माणूस येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितले आहे. बाजाराला जाताना मागे बसता तुम्ही, आणि कागदावर तुम्ही कुठेच नाही. मागे बसणाऱ्यासाठी जादा हप्ता भरून अपघात विमा जोडता येतो. तो मागून घ्यावा लागतो.

सभा संपली की गाडीला किक मारण्याआधी तो कागद काढा. अक्षर बारीक आहे. मंडपाच्या दाराशी आमची पोरे बसली आहेत, ती वाचून सांगतील. वारस म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे तेही विचारून घ्या.