बातमीखाली कोणाचे नाव?



वृत्तपत्रांवरील जनतेचा विश्वास ढासळला, अशी हळहळ आज सर्वत्र ऐकू येते. परंतु तो विश्वास पूर्वी कशाच्या आधारावर उभा होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चेन्नई शहराचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे.

१८७८ साली टी. मुत्तुस्वामी अय्यर यांची मद्रास हायकोर्टाच्या न्यायाधीशपदी नेमणूक होताच गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी तिच्यावर झोड उठवली. त्यांना उत्तर देण्यासाठी सहा तरुणांनी उसन्या पैशांवर ‘हिंदू’ साप्ताहिकाच्या ८० प्रती काढल्या. प्रस्थापित पत्रांवरील अविश्वासातूनच नव्या पत्रावरील विश्वास जन्मास आला. त्या सहांपैकी जी. सुब्रमण्य अय्यर यांनी १८८२ साली ‘स्वदेशमित्रन’ काढून राजकारणाची चर्चा तमिळ वाचकांपर्यंत नेली.

१८६७ च्या कायद्यान्वये प्रत्येक पत्रावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे सक्तीचे होते. परकीय सरकारला त्यातून धरायला माणूस हवा होता, हे उघड आहे. परंतु त्याच ओळीमुळे वाचकालाही जाब विचारायला माणूस मिळाला.

स्वातंत्र्यानंतर या ओळीची कसोटी लागली. ११ फेब्रुवारी १९५० रोजी सेलमच्या तुरुंगात झालेल्या गोळीबारात २२ कम्युनिस्ट बंदी ठार झाले. १ मार्च रोजी मद्रास सरकारने मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकाला राज्यात येण्यास मनाई केली. त्याचे मुद्रक, प्रकाशक व संपादक रोमेश थापर स्वतःच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले आणि २६ मे रोजी ती मनाई रद्द झाली. पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’च्या नावाखाली हे स्वातंत्र्य पुन्हा आखडले गेले. तरीही लिहिणारा कोण आणि बंदी घालणारा कोण, हे जनतेसमोर उघड होते.

पुढे दूरचित्रवाणी आली. १९९३ साली सन टीव्ही व १९९९ साली जया टीव्ही सुरू झाला. पहिली वाहिनी द्रमुकच्या गोटातील, दुसरी अण्णा द्रमुकच्या. बातमी कोणाच्या घरची, हे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे दोन्ही ऐकून तो निवाडा करू शके. जाहिरातदार भांडवलदाराचा पक्षपात मात्र असा पडद्यावर दिसत नाही. म्हणूनच तो अधिक घातक होय.

डिसेंबर २०१५ च्या महापुरात छापखान्यापर्यंत कामगार पोहोचू न शकल्याने २ तारखेला ‘हिंदू’ चेन्नईत निघाला नाही. १८७८ पासून असे प्रथमच घडले. त्याच दिवसांत मगर उद्यानातून मगरी सुटल्याची वार्ता हातोहाती फोनवरून पसरली आणि ती खोटी असल्याचा खुलासा उद्यानालाच करावा लागला. त्या वार्तेखाली कोणाचेच नाव नव्हते. उलट, स्वयंसेवकांनी आपले नाव व फोन क्रमांक देऊन पाठवलेले संदेश लोकांना पडताळून पाहता येत होते. त्यांच्या आधारे अन्न व होड्या पोहोचल्या. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. प्रश्न उत्तरदायित्वाचा होता.

आपल्यापुरता यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. बातमी कोणी दिली व तिचा लाभ कोणाला, हे विचारल्याखेरीज ती पुढे पाठवू नये. आणि आपल्या पत्राची चूक झाली, तर ती ज्या पानावर झाली त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत कबूल करावी. भांडवली वृत्तपत्रांकडे जो जाब आपण मागतो, तो प्रथम आपण दिला पाहिजे.