गाडीची खडखड काय सांगते?



आज मी मोटारगाडीच्या खडखडीविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजी मिस्त्री कधी झाले? मिस्त्री मी नाही. पण एकदा वऱ्हाडाच्या एका गाडीत मी बसलो होतो. वळणावर पुढचे चाक एकदम आडवे झाले. गाडी सावकाश होती, म्हणून आम्ही वाचलो. गाडीवाला म्हणाला, "पंधरा दिवसांपासून टकटक येत होती जी!" म्हणजे गाडी सांगत होती. ऐकणारा कोणी नव्हता.

बंडीचे तुम्हांला ठाऊकच आहे. चाकाची खीळ ढिली झाली, की बंडी आवाज करते. शहाणा माणूस तेव्हाच उतरून पाहतो. मोटारीचेही तसेच आहे. जवाहरनगरच्या आसपासच्या गावांत आता पुष्कळांकडे जुन्या गाड्या आहेत. कोणी आजारी माणूस भंडाऱ्याला नेतो, कोणी भाडे मारतो. पावसाळा झाला, धानाचे ट्रॅक्टर फिरले, की गावरस्त्याला खड्डे पडतात. मग गाडी खडखडू लागते.

का खडखडते? नीट ऐका. धक्का कमी बसावा म्हणून चाक आणि गाडी यांच्यामध्ये स्प्रिंग असते. जुन्या जीपला आणि पुष्कळ ट्रकला पाटे असतात. स्प्रिंग दबली, की वरखाली नाचत राहते. तिला आवरते ती तेलाची नळी. तिला शॉकअप म्हणतात. नळीतले तेल बारीक भोकांतून जाते, म्हणून नाच लवकर थांबतो. सांध्यांत रबराचे बुश असतात. चाक वळावे म्हणून बॉल जॉइंट असतो, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा. रबर फाटले, सांधा झिजला, की लोखंडावर लोखंड आपटते. तीच ही खडखड.

आमच्या शेजारच्या एका पोराने कर्ज काढून जुनी गाडी घेतली. गाडी वाजू लागली. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न पाहताच सांगितले, चारही शॉकअप बदला. पोराने पैसे मोजले. आवाज तसाच! तो माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, आता काय करू जी?"

मी म्हटले, "बाबू, तू वर्गात लिहायला शिकलास ना? मग वही घे. आवाज कधी येतो, कुठून येतो, ते तीन दिवस लिही."

त्याने लिहिले : पुढून येतो. डाव्या बाजूने येतो. गाडी हळू असली आणि रस्ता खडबडीत असला, की टकटक होते. ब्रेक लावला तर नाही. सपाट जागी वळवली तर नाही.

ती वही घेऊन तो दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने वही वाचली आणि आधी डावी लिंक रॉड हलवून पाहिली. तिचा सांधा ढिला झाला होता. ती बदलली, आवाज गेला. एवढ्याशा कांडीसाठी चार शॉकअपचे पैसे गेले होते!

म्हणून तुम्हीही असे करा.

पहिले, डिकी रिकामी करा. पुष्कळदा जॅक, पाना किंवा सुटे चाकच वाजत असते.

दुसरे, चाकाचे नट घट्ट आहेत का, ते पाहा. ढिले असतील तर गाडी पुढे नेऊ नका.

तिसरे, गाडी उभी करून एकेक कोपरा जोराने दाबा आणि सोडा. कोपरा वर येऊन थांबला पाहिजे. नाचतच राहिला, किंवा शॉकअपवर तेल ओघळले असेल, तर शॉकअप गेला समजा. मग तो जोडीने बदला. पुढचे दोन, नाही तर मागचे दोन.

चौथे, ब्रेक लावताना 'ठक्' होत असेल, तर खालच्या आर्मचे बुश तपासायला सांगा. वळताना कटकट होत असेल, तर चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा पाहायला सांगा.

पाचवे, टायर एकाच बाजूने झिजला आहे का, ते पाहा. तोही साक्ष देतो.

बॉल जॉइंट मिस्त्रीलाच पाहू द्या. तो चाक उचलून हलवतो. तो सांधा ढिला निघाला, तर त्या गाडीत माणसे बसवू नका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक घसरला, तर जीव जातो.

काम झाले, की बिल मागा. ते स्वतः वाचा. कोणता भाग बदलला, ते पाहा. जुना भाग मागून घ्या. मागायला लाजू नका, तो तुमचाच आहे.

मंडळी, तुम्ही अक्षरे शिकलात ती नुसती सही करायला नव्हे. कानांनी ऐका, हातांनी लिहा, डोळ्यांनी वाचा. म्हणजे पैसा वाचेल, आणि गाडीत बसलेली माणसे सुखरूप घरी येतील.

राम राम!