मोतीबिंदू असेल, पिकू दे, असं म्हणण्याआधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, डोळ्यांच्या वॉर्डातून निवृत्त झालेल्या सिस्टरताईंनी केलेले भाषण.)

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं सांगते. त्यांना बारा वर्षांची शुगर. गोळी कधी घेतली, कधी संपली ती आणलीच नाही. सुईत दोरा जाईना, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. दिवाळीला मी घरी गेले तर मला म्हणतात, "अगं, डाव्या डोळ्यापुढं जाळं आल्यागत दिसतंय. किती पुसलं तरी जाईना."

दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. तपासलं तर मोतीबिंदू थोडासाच. आतला पडदाच सुटला होता. ऑपरेशन झालं, तरी डाव्या डोळ्यानं आज माणूस उभा आहे एवढं कळतं, तोंड ओळखू येत नाही. उजव्या डोळ्याला वेळेत लेसर मिळालं. त्याच्यावर त्या शेळ्या राखतात आणि गटाच्या रजिस्टरवर सही करतात.

आता हा पडदा म्हणजे काय? डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ थर असतो, भिंतीला कागद चिकटवावा तसा. चित्र उमटतं ते त्याच्यावर. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मग शरीर नव्या वाहिन्या काढतं, पण त्या कच्च्या. फुटतात, रक्त पसरतं, तेच ते जाळं. पुढं तिथं व्रण धरतो, तो आकसतो आणि कागद भिंतीपासून ओढून काढतो. चष्म्याचा नंबर बदलून हे बरं होत नाही.

बीपीचं वेगळं. भिंतीला ओल आली की कागद फुगतो ना, तसं खूप वाढलेल्या बीपीत पडद्यामागं पाणी साठतं. आणि हे म्हातारपणाचंच दुखणं नाही हो! गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर बीपी वाढलं तर विशीतल्या पोरीलाही होतं. डोकं फार दुखतंय, डोळ्यापुढं चमकतंय, धूसर दिसतंय असं सून म्हणाली, तर "उन्हाचं असेल" म्हणून झोपवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण पुढं झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. बीपी आटोक्यात आलं, बाळंतपण झालं, की हा पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बसतो. शुगरनं ओढलेला तसा बसत नाही.

मूत्रपिंड बिघडलेल्यांनीही डोळे दाखवावेत. एक डोळा झाकून दुसऱ्यानं कॅलेंडर बघायची सवय ठेवा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकतो. अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक, एका बाजूनं सावली आली तर पुढच्या शिबिराची वाट बघू नका.

पण खरं सांगायचं तर चांगलं दिसत असतानाच तपासायचं असतं. शुगर निघाली की लगेच, आणि मग दरवर्षी. थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा बघतात. नुसता तक्ता वाचून घेतला म्हणजे पडदा तपासला असं नाही. "थेंब टाकणार का?" असं विचारायला लाजू नका. बीपी-शुगर तिशीनंतर आपल्या आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, आणि गरोदर बायांची तपासणी दर महिन्याच्या 9 तारखेला असते.

म्हशीसाठी आपण अंतर्गत कर्ज लगेच मंजूर करतो. जाऊबाईंनी डोळ्यासाठी मागितलंच नव्हतं. पोरीचं लग्न होतं ना त्या साली.

आता जाताना, शुगर असलेल्या प्रत्येकीनं आपल्या गटाच्या सचिवताईकडं नाव द्या. सगळ्या मिळून एकच जीप करू. थेंब टाकल्यावर दोन-चार तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. एकटीनं एसटी पकडायची नाही.