वरचा सा कुणासाठी?



उन्हाळा आला की चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, सगळीकडे वराती निघतात. वरातीत ट्रंपेटवाल्याची परीक्षा एकाच गोष्टीवर होते, सूर किती वर जातो! ही परीक्षाच मला मान्य नाही. वरचा सूर हवाच. पण आपण कोणत्या ढंगाने वाजवणार, हे आधी ठरायला हवं.

ट्रंपेटला तीन पिस्टन असतात. एकही न दाबता, नुसत्या ओठांच्या आणि फुंकीच्या बळावर नळीतून सा, प, वरचा सा, ग, प असे सूर निघतात. खाली ते लांब लांब असतात, वर गेलं की एकमेकांना खेटतात. तार सप्तकात तर सा, रे, ग पिस्टन न हलवता निघतात. तिथे ओठ केसभर सैल पडला तरी शेजारचा सूर लागतो. लोक म्हणतात दम संपला. पण बऱ्याचदा दम शाबूत असतो, नेम चुकलेला असतो.

नवशिका मग माउथपीस ओठांवर दाबतो. सूर लागतोही. पण दाबाने ओठातलं रक्त अडतं, ओठाची थरथर मंदावते आणि वरात मांडवाशी पोचेपर्यंत मधला सासुद्धा फाटायला लागतो. लुई आर्मस्ट्राँगसारख्या थोर वादकालाही वरच्या सुरांच्या माऱ्याने जखमी झालेल्या ओठांपायी १९३०च्या दशकात काही काळ थांबावं लागलं होतं.

त्यापेक्षा ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग मोकळा ठेवा. 'ई' म्हणताना जीभ जशी वर येते तशी ठेवा आणि पोटातून बारीक पण वेगवान झोत सोडा. मधल्या सप्तकात, हळू आवाजात सूर लांबवा. मग पिस्टन न दाबता सा-प-सा असं चढा-उतरा. जितका वेळ वाजवलं, तितकीच ओठांना विश्रांती द्या. ही विश्रांती रियाजाचाच भाग आहे. आपल्याकडे नेमकी तीच कुणी घेत नाही.

आता ढंगाचं. कॅनडाचे ट्रंपेटवादक मेनार्ड फर्ग्युसन अतितार सुरांसाठी जगभर गाजले. आपल्या देशात ऋषी व्हॅलीच्या शाळेत राहून त्यांनी शिकवलंही. उलट माइल्स डेव्हिस बहुतेक मधल्या पट्टीत, कमी सुरांत बोलले. दोघेही मोठेच. आणि आपल्या जवळचे म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, अर्थात चिक चॉकलेट. नागपुरात गाणं शिकलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांचे ते सहायक. १९५१च्या 'अलबेला' चित्रपटाच्या संगीतात जाझचा जो झणका आहे, त्यामागे ही संगत आहे. आपल्या बँडवाल्यांनी आधी तो ऐकावा, असं मला मनापासून वाटतं. तिथे ट्रंपेट गाण्याला धरून चालतो. वर जातो तो ओळ संपताना, झटकन, आणि लगेच उतरतो.

वरातीलाही हेच मानवतं. मे महिन्याच्या उन्हात नळीतली हवा तापून सूर चढतो, गाडीवरचा कीबोर्ड मात्र जागेवरच असतो. सूर जुळवायची नळी थोडी बाहेर ओढावी लागते. अशा वेळी तार सप्तकात ठाण मांडलं तर बेसूरपणा चौकापर्यंत ऐकू जातो.

शेवटी माउथपीसचं. उथळ माउथपीसने वरचा सूर सोपा होतो, पण खालचा आवाज पातळ पडतो. म्हणून ऐन लग्नसराईत माउथपीस बदलू नका. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबली की बदला. चातुर्मासात ओठांना सवय होते.