काम दाखविणे आणि काम शिकविणे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



भाटघरचे धरण आपणांस नवे नाही. या धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात. असे दरवाजे सर विश्वेश्वरय्यांनी प्रथम खडकवासल्याला १९०३ साली बसविले. माणसाच्या हुन्नराचे मात्र तसे नसते. मुलगा पुरेसे दिवस कारखान्यात उभा राहिला की त्याचा हात आपोआप मोकळा होईल, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. आज मला बोलायचे आहे ते या समजुतीविषयी.

गॅरेज, बेकरी, शिलाई, वेल्डिंग, वायरिंग हे धंदे आपल्याकडे उस्ताद-शागिर्दीने चालत आले. त्यात कमीपणा काही नाही. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते बनवीत, याचा उल्लेख कुराण शरीफात आहे. पण शागिर्दाचे दिवस कसे जातात ते पाहा. पहिले वर्ष चहा आणण्यात, दुसरे पुर्जे धुण्यात. विचारले तर उत्तर ठरलेले : "देखते रह, आ जाएगा." हुशार मुलगा डोळ्यांनी काम चोरतो, बाकीचे मागे राहतात आणि दोष त्यांच्या डोक्याला लागतो. मार खाल्ल्याशिवाय हात बसत नाही, असेही काही उस्ताद म्हणतात. मी वर्गात रोज पाहतो त्यावरून सांगतो, माराने हात बसत नाही, हात थरथरतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेपुढे हाच प्रश्न उभा राहिला. जाणते कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसे आली, त्यांत स्त्रियाही पुष्कळ. त्यांना लवकर तयार करण्यासाठी १९४० साली सरकारने एक योजना काढली. तिचा भर कामगारांवर नव्हता, तर त्यांना शिकविणाऱ्या मुकादमांवर होता. दोन-दोन तासांच्या पाच बैठकी, एवढाच अभ्यासक्रम. त्यात विजेच्या तारेची एक गाठ घेत. शिक्षक प्रथम ती नुसत्या शब्दांनी सांगे. शिकणाऱ्याला जमत नसे. मग एक शब्दही न बोलता करून दाखवी. तरी जमत नसे. शेवटी तो एक-एक पायरी दाखवी, नेमके कोठे सांभाळायचे आणि का, ते सांगे, आणि मग शिकणाऱ्याच्या हातून गाठ करवून घेताना त्याच्याच तोंडून कारण वदवून घेई. आता गाठ जमे. १९४५ पर्यंत सोळा लाखांहून अधिक माणसांनी हे शिक्षण घेतले, आणि युद्धानंतर जपानने ते उचलले.

आता आपल्या गॅरेजात या. मोटारसायकलचा प्लग बसवायचा आहे. "हे बघ, असा बसवायचा" एवढे म्हटले म्हणजे शिकवणे झाले नाही. प्लग आधी हाताने फिरवून आट्यांत धरू द्यावा, मगच पाना लावावा. का? हेड अल्युमिनियमचे असते. सुरुवातीलाच पान्याने आवळले आणि प्लग तिरका गेला, तर आटे जातात आणि गिऱ्हाइकाचा खर्च वाढतो. हे 'का' ज्या मुलाला कळले, तो दुसऱ्या गाडीवर, नव्या इंजिनावरही हात जपून घालील. ज्याला कळले नाही, तो उस्तादची नक्कल करील आणि उस्ताद बाहेर गेला की अडेल. तेव्हा आपल्यातील जे मालक आहेत, मिस्त्री आहेत, त्यांना माझी विनंती की रोज पंधरा मिनिटे एकच काम असे शिकवावे. दुसऱ्या दिवशी मुलाकडून करवून घ्यावे, आणि चुकला तर कोणत्या पायरीवर चुकला ते पाहावे. त्यात वेळ मोडतो हे खरे. पण बिघडलेले काम पुन्हा करण्यात मोडतो त्याहून कमीच.

मोठ्या उद्योगांनी हे ओळखले. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९६०च्या दशकात पिंपरीत शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणाची सोय केली. तेथून ट्रक बाहेर पडू लागले ते पुढे काही वर्षांनी. आपल्या समाजातही मुंबईला अंजुमन-ए-इस्लामची साबू सिद्दिक तंत्रसंस्था १९३६ पासूनची आहे.

पालकांनो, दहावीनंतर मुलगा शिरवळच्या एखाद्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला की पगार लगेच घरी येतो, आणि शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन त्यापुढे थोडे वाटते. ओढगस्तीच्या घरात हा हिशेब सोपा नाही, हे मी जाणतो. पण हेल्परला सहा वर्षांनीही हेल्परच म्हणतात. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. त्याप्रमाणे मालकाला करार नोंदवावा लागतो, विद्यावेतन द्यावे लागते आणि कामही शिकवावे लागते. ट्रेडची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना असे उमेदवार घेणे बंधनकारक आहे. नोकरीची हमी मात्र कायदा देत नाही; तशी हमी कोणी तोंडी दिली तर विश्वास ठेवू नका.

मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर करारावर पालकाची सही लागते. ती सही करण्याआधी ट्रेड कोणता, मुदत किती, विद्यावेतन किती हे वाचा, आणि समोरच्याला एक प्रश्न जरूर विचारा : "माझ्या मुलाला शिकवणार कोण?" उत्तरात एखाद्या माणसाचे नाव आले तर बरे. "सगळेच शिकवतील" असे उत्तर आले, तर कोणीच शिकवणार नाही असे समजा.

आणि जी मुले पाच-सात वर्षे गॅरेजात राबून चांगली कारागीर झाली, पण हातात कागद नाही, त्यांनीही खट्टू होऊ नये. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून, आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. भोरच्या आय.टी.आय.मध्ये जाऊन त्याची आणि शिकाऊ उमेदवारीची, दोन्हींची चौकशी करावी. जाताना आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचे पासबुक बरोबर ठेवावे. अर्ज भरायला अडचण आली तर शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावे.