सात्त्विकतेचा अहंकार



ख्रिस्ती नीतिमत्त्वाची चर्चा ख्रिस्ती मंडळींनी आपल्या प्रार्थनामंदिरात करावी, या व्यासपीठाशी तिचा संबंध काय, असे काही श्रोत्यांना वाटले असेल. आमचे उत्तर साधे आहे. ज्या रोगाचे निदान आम्ही आज मांडणार आहो, तो जातधर्म पाहून जडत नाही. उलट, माणूस जितका सज्जन, तितके त्याला या रोगाचे भय अधिक.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. यरुशलेमच्या मंदिरात दोघे जण प्रार्थनेला जातात. एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा. दुसरा जकातदार, परक्या रोमन सत्तेच्या करवसुलीत हात असलेला आणि म्हणून लोकांच्या तिरस्काराचा धनी. परूशी आपल्या व्रतांची यादी देवापुढे वाचतो आणि आपण त्या जकातदारासारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानतो. जकातदार दूर उभा राहून, मान खाली घालून, केवळ दया मागतो. येशूचा निर्णय असा की, नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परूशी खोटे बोलत नव्हता. मोशेच्या नियमशास्त्राने वर्षातून एकाच दिवसाचा उपवास नेमून दिला होता. हा आठवड्यातून दोनदा करी. दशमांशही चोख देई. मग चुकले कोठे? आपल्या भाषेतील ‘ठरणे’ हे क्रियापद याचे उत्तर देते. नीतिमान ‘ठरणे’ हा न्यायालयातला शब्द आहे, आणि पौलाच्या पत्रांतील मूळ ग्रीक शब्दही त्याच अर्थाचा आहे. आरोपीने स्वतःचा निकाल स्वतःच लिहायचा नसतो. परूश्याने तो लिहिला, आणि वर शेजाऱ्याचाही लिहून टाकला!

आता खरी मेख पुढेच आहे. हा दृष्टांत ऐकून आपण काय म्हणतो? ‘देवा, मी त्या परूश्यासारखा नाही, हे बरे!’ म्हणजे त्याला हसता हसता आपण त्याच्याच जागी जाऊन उभे राहतो. ही केवळ शब्दांची कसरत नव्हे. ख्रिस्ती जगताने शतकानुशतके हेच केले. ‘परूशी’ हा दांभिकाला द्यावयाचा शेलका शब्द झाला आणि अवघा यहुदी समाज तुच्छ लेखला गेला. वास्तविक परूशी हे आपल्या लोकांत आदरणीय होते, इ. स. 70 मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर यहुदी धर्म तगला तो बव्हंशी त्यांच्याच परंपरेच्या आधारे. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट सर्व यहुद्यांवर लादता येत नाही, हे रोमन कॅथलिक चर्चच्या महापरिषदेने स्पष्ट शब्दांत जाहीर केले ते 1965 साली. धार्मिक अहंकार व्यक्तीपुरता राहत नाही. तो समाजाचे रक्त सांडू शकतो.

पाचव्या शतकातील योहान कासियन या साधूने या वृथाभिमानाला कांद्याची उपमा दिली आहे. एक पापुद्रा काढावा, तो खाली दुसरा तयार! चांगल्या वस्त्राचा अभिमान सोडावा, तो फाटक्या वस्त्राचा अभिमान शिरतो. वक्तृत्वाचा सोडावा, तो मौनाचा शिरतो. इतर दुर्गुण आपल्या दोषांवर पोसतात. हा आपल्या सद्गुणांवर पोसतो.

कोणी विचारील, पापी माणूसच जर निर्दोष ठरणार, तर सदाचार करावा कशाला? लूकनेच पुढच्या अध्यायात जक्कय नावाच्या दुसऱ्या जकातदाराची हकीकत दिली आहे. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. खऱ्या नम्रतेने हिशेब बुडत नाही. उलट चुकता होतो.

ही नम्रता ओळखावी कशी? ‘मी पामर’ असे स्वतः म्हणणे सोपे आहे. दुसऱ्याने तसे म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते की नाही, ते पाहावे. शिवाय, सोडून आलेल्या वाटेबद्दल आपण कसे बोलतो, तेही पाहावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती दीक्षा घेतली. पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. नवे सत्य गवसले म्हणून त्यांनी जुन्या ऋणावर पाणी सोडले नाही.

श्रोतेहो, सदाचार सोडा, असे आमचे म्हणणे नाही. उपवास करावा, दान द्यावे, समाजसेवाही करावी; मात्र तिची वही आपल्या हाती ठेवू नये. आणि या व्याख्यानातील बोल शेजाऱ्याला किती लागू पडतात, याचा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर हे व्याख्यान त्याच्यासाठीच होते, असे समजावे. आम्हीही त्यातून सुटलेलो नाही.